नेट गेलंय? आधी कुठवर पोचलंय ते बघा

लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर या पट्ट्यातून घरच्या कॉम्प्युटरबद्दल येणारे प्रश्न निरनिराळ्या शब्दांत असतात, पण दुखणं एकच. वायफाय लागलेलं दिसतं आणि पेज उघडत नाही. नेटवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "लाइन ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम असणार." कॉम्प्युटर दुकानात नेला की तिथल्या वायफायवर तो व्यवस्थित चालतो, तरी सल्ला मिळतो, "विंडोज नव्यानं मारून घ्या." पैसे जातात, घरी आणल्यावर पुन्हा तेच. तोवर कुणाचा सीईटीचा फॉर्म अडकतो, कुणाचा महाडीबीटीचा अर्ज, कुणाचं ऑफिसचं काम.

हा लेख तुम्हाला मेकॅनिक बनवण्यासाठी नाही. बिघाड कुणाच्या हद्दीत आहे एवढं ठरवण्यापुरताच तो आहे. ते ठरलं की कुणाला बोलवायचं, कुणाला पैसे द्यायचे आणि कुणाला द्यायचे नाहीत हे आपोआप कळतं. बहुतेक घरांत हे ठरवायला फोन आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

मळ्यातली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या दांडाला पाणी आलं नाही म्हणून कुणी लगेच विहीर खोल करायला घेत नाही. आधी मोटर चालू आहे का, मग मधला व्हॉल्व्ह, मग पाइप बघतात. नेटच्या वाटेवरही अशा तीन हद्दी आहेत:

- कॉम्प्युटर ते राउटर. ही तुमची हद्द.
- राउटर किंवा फायबरचा डबा, त्याचा अडॅप्टर आणि घरातली वायर. डबा बहुधा कंपनीचा, पण प्लग, बोर्ड आणि वीज तुमची.
- भिंतीबाहेरचं सगळं. खांब, जॉइंट, खोदकाम, कंपनीचा सर्व्हर. इथं तुम्ही हात लावायचा नाही, तक्रार करायची.

आधी फोन हातात घ्या

त्याच वायफायवर फोन जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही छोटी गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. वायफायला नेट नसेल तर आजचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. व्हॉट्सअ‍ॅप चालू राहतं आणि तुमचा समज होतो की वायफाय ठीक आहे, कॉम्प्युटरच बिघडलाय. निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

डेटा बंद केल्यावर फोनवर अशी साइट उघडा जी तुम्ही आज उघडलेली नाही. आधी उघडलेलं पान फोन स्वतःच्या साठ्यातून दाखवू शकतो.

- फोनवरही उघडत नाही: बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. कॉम्प्युटरला हात लावू नका. पुढचा भाग वाचा.
- फोनवर उघडतं, कॉम्प्युटरवर नाही: बिघाड कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. डब्याला हात लावू नका. "फोन चालतो, कॉम्प्युटर नाही" या भागावर जा.
- दोन्हीवर बाकी सगळं उघडतं, फक्त एक साइट नाही: तुमचं नेट चांगलं आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सरकारी संकेतस्थळं गर्दीनं झोपतात. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा आणि एररचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मुदतवाढ मागायची वेळ आली तर तो हाताशी असू द्या.

डब्यावरचे दिवे वाचायला शिका

फायबर कनेक्शनच्या डब्यावर तीन-चार दिवे कामाचे असतात. नावं इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलेली असतात.

- पॉवर. हा लागतच नसेल तर आधी अडॅप्टर दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्डचं बटण बंद निघण्याचं प्रमाण कुणी कबूल करत नाही एवढं मोठं आहे.
- पॉन. हिरवा आणि स्थिर हवा. लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या यंत्राशी बोलायचा प्रयत्न करतोय, पण जमत नाहीये.
- एलओएस. हा दिवा विझलेला असणंच चांगलं. लाल झाला किंवा लाल लुकलुकला की फायबरमधून प्रकाश येत नाही. वायर कुठेतरी तुटली, दबली किंवा पीन सैल झाली.
- इंटरनेट. पॉन स्थिर, एलओएस विझलेला आणि हा दिवा लाल किंवा बंद असेल तर वायर शाबूत आहे. रिचार्ज, लॉगिन किंवा कंपनीच्या सर्व्हरची अडचण आहे.

एलओएस लाल असेल तर तुम्ही करायचं इतकंच: डब्यामागे जाणारी बारीक वायर आणि तिची हिरव्या किंवा निळ्या टोकाची पीन सैल आहे का बघा, हलक्या हातानं टक आवाज येईपर्यंत आत ढकला. वायर कपाटामागे दाबली गेली आहे का, दारात चेमटली आहे का, तिला काटकोनात घडी पडली आहे का, तेही बघा. फायबरच्या पोटात केसासारखी काच असते, विजेच्या वायरीसारखी ती पिळून जोडता येत नाही. पीन काढून टोकाला डोळा लावू नका. त्यातून येणारा लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. उंदरानं कुरतडलेली वायर दिसली तर चिकटपट्टी लावू नका, फोटो काढा.

आपल्याकडे फायबर तुटण्याची कारणं ठरलेली आहेत. सोलापूर रस्त्यालगत किंवा नव्या सोसायट्यांच्या कामात जेसीबीचा दात लागतो, खांबावरून लोंबणारी केबल उंच वाहनात अडकते, ऊस पेटवताना बांधावरची केबल वितळते. खोदण्याआधी केबल कुणाची आहे हे कळावं म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" नावाचं अ‍ॅप आणलं. जेसीबी चालवणाऱ्यांपैकी किती जण ते उघडतात हे तुम्ही रस्त्यावर उभं राहून बघू शकता.

बंद-चालू करण्याचा क्रम

राउटर बंद करून चालू करणं हा उपाय खरंच लागू पडतो, पण क्रम चुकला की वाया जातो. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही बंद करा. अर्धा मिनिट थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा आणि पॉनचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा, दोन-तीन मिनिटं लागतात. मग राउटर. सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. घाईघाईनं तिन्ही एकदम लावले तर राउटर रिकाम्या हातानं उठतो आणि तुम्ही निष्कर्ष काढता की उपाय फसला.

विजेचा घोळ

पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची जुनी पद्धत आहे आणि पावसाळ्यात तर वार लागत नाही. त्यात दोन गोष्टी लोकांना गोंधळात टाकतात.

तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, तरी नेट नाही. छोट्या नेटवाल्यांच्या जाळ्यात मधला स्विच कुणाच्या तरी गच्चीवर किंवा खांबावरच्या पेटीत असतो आणि त्याला वीज लागते. तिथली वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर काही करू शकत नाही. पूर्ण फायबरच्या जाळ्यात मधल्या विभाजकाला वीज लागत नाही, म्हणून तिथं हा त्रास कमी. नवं कनेक्शन घेताना "घरापर्यंत फायबर की शेवटी लॅन केबल?" हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरी गोष्ट अडॅप्टरची. व्होल्टेज वरखाली होऊन अडॅप्टर अर्धमेला होतो. दिवे लागतात, पण राउटर दर काही मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा उठतो. अडॅप्टर बदलताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. बारा व्होल्टच्या राउटरला नऊचा अडॅप्टर "चालून जाईल" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तोही व्होल्ट जुळवूनच घ्यायचा.

विजा कडाडत असताना राउटरचा प्लग काढाच, आणि बाहेरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर तीही. वादळानंतर कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट मेलेलं निघतं ते याच वाटेनं.

ते बारीक छिद्र दाबू नका

राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं छिद्र असतं. व्हिडिओ बघून लोक ते दहा सेकंद दाबून धरतात. त्यानं राउटर नवाकोरा होतो, म्हणजे वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण नेटवाल्यानं आत भरलेला युजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो. आधी नेट गेलेलं असतं, आता राउटरही गेला. मग तंत्रज्ञ येईपर्यंत वाट. ही कृती फक्त कंपनीचा माणूस फोनवर असताना आणि तुमच्याकडे युजरनेम-पासवर्ड लिहिलेला असतानाच करा. साधं बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं.

फोन चालतो, कॉम्प्युटर नाही

इथं दुकान गाठण्याआधी या क्रमानं बघा. सोप्याकडून अवघडाकडे जातोय, म्हणून मधेच उडी मारू नका.

एक, वायफाय आहे का? विनोद नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतंच, त्याला लॅन केबल किंवा यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लागतो. लॅपटॉपवर एअरप्लेन मोड चुकून लागलेला असतो किंवा कीबोर्डवरची वायफायची कळ दाबली गेलेली असते.

दोन, नाव तेच आहे का? राउटर दोन नावं दाखवत असेल तर एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. दुसरं वेगवान, पण भिंतींपलीकडे लवकर दमतं आणि जुन्या कॉम्प्युटरला ते दिसतही नाही. "फोनला दिसतं, कॉम्प्युटरला दिसत नाही" या तक्रारीचं हे नेहमीचं उत्तर. पहिल्या नावाला जोडा. नाव दिसतंय पण जोडत नसेल तर ते विसरायला लावा, म्हणजे "फर्गेट" करा, आणि पासवर्ड नव्यानं टाका. घरातल्या कुणीतरी पासवर्ड बदललेला असू शकतो.

तीन, तारीख बघा. नेट जोडलेलं आहे, पण प्रत्येक साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येतो आणि पुढं जाऊ देत नाही? उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. कॉम्प्युटर काही वर्षं मागं गेलेला असेल. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त करा, लगेच चालेल. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा लावल्यावर तारीख परत मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक डेस्कटॉपमध्ये त्याचा क्रमांक सीआर२०३२ असतो, किमतीला किरकोळ, बदलायला पाच मिनिटं. या सेलपायी विंडोज मारून घेतलेली घरं कमी नसतील. नवं विंडोज मारल्यावरही तारीख मागं जातेच, हे सांगायला नको.

चार, लॅनची वायर. वायर जिथं कॉम्प्युटरमध्ये जाते तिथं छोटा दिवा लुकलुकायला हवा. नाही लुकलुकला तर वायर दुसऱ्या टोकाला राउटरच्या वेगळ्या पोर्टात लावा, तरी नाही तर वायरच बदला. पिनेची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल तर ती आत बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते.

पाच, कॉम्प्युटरला पत्ता मिळाला का? विंडोजची कळ दाबा, सी-एम-डी ही अक्षरं टाइप करा, एंटर. काळी खिडकी उघडेल. तिथं इंग्रजीत आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी सलग टाइप करा आणि एंटर. आलेल्या मजकुरात "आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस" ही ओळ शोधा.

- १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा: राउटरनं पत्ता दिलाय. घरातली वाट शाबूत. काही राउटर १० नं सुरू होणारा पत्ता देतात, तोही चालतो.
- १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा: राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःच मनानं पत्ता घेतला. वायर, वायफायचा पासवर्ड किंवा राउटर पुन्हा बघा.
- ओळच नाही, फक्त "मीडिया डिस्कनेक्टेड": वायर किंवा वायफाय जोडलेलंच नाही.

त्याच मजकुरात "डीफॉल्ट गेटवे" समोरचा आकडा तुमच्या राउटरचा. आता त्याच खिडकीत पी-आय-एन-जी, एक मोकळी जागा, मग तो आकडा टाइप करा. आकडे इंग्रजीच टाका. "रिप्लाय" अशा ओळी आल्या तर राउटरपर्यंत वाट मोकळी. पुढं हेच ८.८.८.८ या आकड्यावर करून बघा, हा गूगलचा पत्ता आहे. रिप्लाय आला तर नेट कॉम्प्युटरपर्यंत पोचलंय, अडथळा आणखी पुढच्या पायरीवर आहे.

सहा, नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा. ८.८.८.८ कडून रिप्लाय येतो, तरी साइट उघडत नाही, म्हणजे डीएनएस रुसलंय. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन डीएनएस "ऑटोमॅटिक" वरून "मॅन्युअल" करा आणि ८.८.८.८ व १.१.१.१ हे दोन आकडे भरा. उलटंही घडतं: पूर्वी कुणीतरी हाताने आकडे भरून ठेवलेले असतात आणि नेटवाला बदलल्यावर ते अडतात. मग ऑटोमॅटिकवर परत आणा.

सात, प्रॉक्सी, व्हीपीएन, अँटिव्हायरस. प्रॉक्सीचं बटण चालू असेल तर बंद करा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. फुकटचं व्हीपीएन किंवा मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून एकदा बघा.

आठ, नेटवर्क रीसेट. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, शेवटी नेटवर्क रीसेट. विंडोज १० मध्ये तो पर्याय पहिल्याच पानावर खाली असतो. वायफायचे पासवर्ड पुसले जातील, फाइलींना धक्का लागत नाही. विंडोज नव्यानं मारण्याआधी हे करून झालंच पाहिजे.

नऊ, ड्रायव्हर. अपडेटनंतर वायफायचं चिन्हच गायब झालं तर ड्रायव्हर गेलाय. तो डाउनलोड करायला नेट हवं आणि नेट तर नाही! अँड्रॉइड फोन यूएसबी वायरीनं कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा. फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय कॉम्प्युटरला मिळतं, डेटा खर्च होत नाही. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या.

टेदरिंगवर कॉम्प्युटर सुरळीत चालला आणि घरच्या वायफायवर नाही, हाही एक पुरावा आहे. विंडोज मारून घ्यायची गरज नाही हे त्यानं बहुतेक वेळा सिद्ध होतं. दुकानदाराला तसं सांगा.

"विंडोज १० बंद झालं, म्हणून नेट बंद" हे कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची साथ थांबवली, म्हणजे वेगळी नोंदणी न केलेल्यांचे सुरक्षा अपडेट थांबले. कॉम्प्युटर आणि नेट चालूच राहतं. बँकेचे व्यवहार करणाऱ्यानं पुढं सरकावं हे खरं, पण तो वेगळा खर्च आहे. विंडोज ७ चं तसं नाही. क्रोमनं फेब्रुवारी २०२३ पासून त्याला नवी आवृत्ती देणं बंद केलं, त्यामुळे तिथं काही साइट खरोखरच उघडत नाहीत.

डायलर वापरणाऱ्यांसाठी

काही घरांत अजूनही राउटर नाही. वायर थेट कॉम्प्युटरला आणि "कनेक्ट" दाबून युजरनेम टाकायचा. त्यांना दिसणारे दोन आकडे: ६५१ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही, वायर किंवा नेटवाल्याचा स्विच बघावा लागेल. ६९१ म्हणजे युजरनेम-पासवर्ड नाकारला, बहुतेकदा रिचार्ज संपलेला असतो.

नवा राउटर किंवा नवा कॉम्प्युटर जोडल्यावर लगेच नेट गेलं, तर कारण बहुधा हे: काही नेटवाले तुमच्या जुन्या यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, बांधून ठेवतात. फोन करून "नवीन मॅक नोंदवा" म्हणा.

तक्रार करताना

आता तुम्हाला माहीत आहे की बिघाड बाहेरचा आहे. मग "नेट चालत नाही" एवढंच म्हणू नका. म्हणा: "एलओएस लाल आहे, सकाळी नऊपासून. पीन तपासली. दोन फोनवरही वायफायला नेट नाही. डबा क्रमानं बंद-चालू केला." असं बोलणाऱ्याला "राउटर रीस्टार्ट करा" हे पान वाचून दाखवता येत नाही.

- नेटवाल्याच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज ही तक्रार नव्हे. जोडीला कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा कस्टमर केअरला नोंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.
- क्रमांक गूगलवर शोधू नका. खोटे कस्टमर केअर क्रमांक तिथं पेरलेले असतात. बिल, अ‍ॅप किंवा डब्यावरचा स्टिकर बघा.
- "दुरुस्तीसाठी" एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला किंवा एक रुपया भरायला सांगणारा माणूस चोर समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.
- काही कंपन्या तक्रार बंद करताना ओटीपी मागतात. नेट सुरू झाल्याशिवाय तो देऊ नका. कनेक्शन घरमालकाच्या नावावर असेल तर ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. एमआयटी एडीटी विद्यापीठाभोवती खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांनी हे मालकाशी आधीच बोलून ठेवावं.

तुमचे हक्क

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार नोंदली की तुम्हाला क्रमांक मिळायलाच हवा. निराकरण पटलं नाही किंवा मुदतीत झालं नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपील फुकट असतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. सेवा-दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. त्यानुसार वायरीच्या कनेक्शनमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भरपाई मिळते, प्रीपेड ग्राहकालाही. ती आपोआप जमा होईल या भरवशावर राहू नका, तक्रार क्रमांक देऊन मागा.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, किंवा दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्यांवर तिथं दावा चालत नाही असं काही जण अजून सांगतात. एकेकाळी तसा निकाल होता, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात ग्राहकाचा हा रस्ता मोकळा असल्याचं स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. चारशे-पाचशे रुपयांच्या बिलासाठी आयोगात जाणं परवडत नाही हे खरं. पण वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन नेटवाला गायब झाला असेल तर जरूर जा. म्हणूनच छोट्या नेटवाल्याला वर्षाचे पैसे एकरकमी देताना रोख देऊ नका आणि पावती सोडू नका.

दुसरी वाट तयार ठेवा

घरून नोकरी करणाऱ्यानं किंवा मुलांच्या परीक्षा ऑनलाइन असणाऱ्यानं एकाच वायरीवर विसंबू नये. लोणीत गावठाणात आणि हायवेलगत निवड बरी आहे: बीएसएनएल, मोठ्या खासगी कंपन्यांची फायबर, स्थानिक नेटवाले. मळ्यात, गावापासून आत राहणाऱ्यांकडे फायबर ओढायला अनेकदा कुणी तयार नसतं. तिथं गच्चीवर ५जीचा रिसीव्हर बसवून घरात वायफाय देणारी एअरफायबरसारखी सेवा घेता येते. जिओनं ती सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या आठ शहरांत सुरू केली त्यात पुणे होतं. जेसीबीचा तिला धोका नाही, पण टॉवर तुमच्या गच्चीवरून नीट पकडतो का हे बसवणाऱ्याकडून आधी तपासून घ्या, मगच पैसे भरा.

एवढा खर्च नको असेल तर घरातल्या दोन फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि टेदरिंग एकदा गडबड नसताना करून बघा. अर्जाची शेवटची तारीख असेल तर कॉम्प्युटरशी झुंजत बसू नका. कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या आणि जवळचं आपले सरकार सेवा केंद्र गाठा, दुरुस्ती उद्या.

आणि नेट चालू असताना एक कागद लिहून राउटरशेजारी चिकटवा: ग्राहक क्रमांक, नोंदणीकृत मोबाइल, नेटवाल्याचा युजरनेम, कस्टमर केअरचा खरा क्रमांक, रिचार्ज संपण्याची तारीख. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो वहीत.